दुसऱ्या भागाचा निकाल

लातूर, १९ जुलै १९८७

ती. सिंधुअक्कास,
धाकट्या शिवमूर्तीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. आभाळ कोरडं ठाक. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि त्या दिवशी सगळी गल्ली एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करते.

मोठी बातमी म्हणजे ‘दूरयान’ मालिकेचा दुसरा भाग सुरू झाला. गेल्याच्या आधल्या दिवाळीला तू आणि दाजी इथं होता, तेव्हा आपण पहिला भाग शेवटपर्यंत पाहिला होता. यान अंतराळात हरवतं, आणि कप्तानाची बायको जमिनीवरच्या केंद्रात बिनतारी यंत्राला कान लावून बसते, तिथं तो संपला. दाजी आपले बोअरच्या गाडीवरचे मेस्त्री. या यानाला ऑइल टाकायची जागाच दिसत नाही, ते हरवणारच, असं त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. आता यान नवं केलंय. दिवे भरपूर, पण दार अजून पत्र्याच्या पेटीसारखं वाजतं. परका ग्रह दाखवला तर आई म्हणाली, हे तर आपलंच रान हाय की, एवढं बघाया इतक्या लांब कशाला गेले म्हणावं. मी हसून हसून बेजार.

आता कामाचं. जिल्हा नवा, शाळांत शिक्षक कमी. आमच्या शिक्षण खात्यातले साहेब म्हणतात, बहिणीचा बदलीचा अर्ज दसऱ्याआधी आला तर लातूरला घेता येईल. किनवटच्या त्या जंगलात एकटी किती दिवस काढशील? आई रोज विचारते.

लोभ आहेच, त्यात कमी पडू देऊ नये.
तुझा,
शिवमूर्ती

*

किनवट, ४ ऑगस्ट १९८७

चि. शिवमूर्तीस,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. आईस नमस्कार सांग.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले. ह्यांचं ते ऑइलचं बोलणं मी विसरूनच गेले होते.

बदलीचं मात्र काढू नकोस. पोळ्याला वर्ष होईल. हे याच दारातून बोअरच्या गाडीवर आदिलाबादकडं गेले. गाडीचा मालक एवढंच सांगतो की मेस्त्री मशीनचा पार्ट आणायला उतरला, तो परत आलाच नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, ठावठिकाणा नाही. उद्या ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर विचारतील कुणाला? दुष्काळानं निम्मी गल्ली कामाला बाहेर गेलीय, शेजारचे दगडोबासुद्धा. मी दारात दिसले पाहिजे, एवढंच मला कळतं. तुम्ही खुशाल वेडी म्हणा.

इथं टीव्ही दिसत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हा दर वेळी काय झालं ते मला लिहून कळव. दिवे आणि पत्रे नकोत, त्या बाईचं लिही. बसलीय ना ती अजून यंत्रापाशी?

माया आहे तशी राहू दे.
तुझी,
सिंधुअक्का

*

लातूर, ३० ऑगस्ट १९८७

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पोळा झाला. गावाकडं बैल धुवायला पाणी नव्हतं, ओल्या फडक्यानं पुसून घेतले.

ती बाई बसलीय. या वेळी तर यंत्रातून ठोका ऐकू आला. एक, मग थोडं थांबून दोन. म्हणजे कप्तान जिवंत आहे. केंद्रातले सगळे ताडकन उठून उभे राहिले. बाकी मालिकेत दम नाही. माझ्याकडून शंभरात पस्तीस, तेही ओढूनताणून. पण ठोका ऐकू आला, हे नक्की.

साहेब अर्जाचं विचारत होते. अजून मुदत आहे म्हणालो.

तुझा,
शिवमूर्ती

*

नांदेड, १४ सप्टेंबर १९८७

चि. शिवमूर्तीस अनेक आशीर्वाद.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाला आठवडाभर इकडे आलेय. विष्णुपुरीला पंचफुलाकडं उतरले, माझी डी.एड.ची मैत्रीण. तिच्या घरी टीव्ही आहे. काल ‘दूरयान’ लागलं.

ती बाई उठली, स्वतःच्या हातानं यंत्र बंद केलं, पदर सारखा केला आणि निघून गेली. मी पंचफुलाला विचारलं, अगं, मधे ठोका ऐकू आला होता ना? ती म्हणाली, कसला ठोका गं बाई, मी एक दिवस चुकवला न्हाई, कधीच काई ऐकू आलं न्हाई.

शिवा, तो ठोका तू कुठून आणलास?

रागावले नाही रे. खरं लिहिलं असतंस तर कदाचित मी तेव्हाच अर्ज धाडला असता, तुझंच काम झालं असतं. तरी तुझा हात धजला नाही. पंचफुलाच्या देखत ओक्साबोक्शी रडले. वर्षभरात कुणापुढं रडले नव्हते.

अक्का

*

लातूर, २१ सप्टेंबर १९८७

ती. अक्कास नमस्कार.

काय लिहू? ठोक्याचं लिहिलं त्या आठवड्यात केंद्राच्या साहेबानं त्या बाईला सांगितलं की शोध थांबवला. आईनं उठून टीव्ही बंद केला आणि मला म्हणाली, हे माझ्या लेकीला लिहू नगंस. पण तू वाट बघत होतीस, काहीतरी तर लिहायचं होतं. दाजी मलाही पाहिजेत गं. म्हणून लिहून बसलो.

अर्जाचा विषय आता मी काढणार नाही. तू तिथंच राहा, दर सुट्टीत मी येत जाईन.

तुझा चुकलेला,
शिवा

*

किनवट, २६ सप्टेंबर १९८७

चि. शिवास,
अक्काचे पोटभर आशीर्वाद.

अर्ज सोबत आहे. साहेबांना दे.

आता माझा निकाल ऐक. दुसरा भाग चांगला आहे, तुझ्या पस्तीसाहून पुष्कळ वर. जाताना तिनं पदर सारखा केला, ते अगदी खरं होतं. पण एक चूक केली त्यांनी. ती निघून गेली आणि लगेच वाजलं संगीत. उद्या कप्तान परत आला तर ती कुठं गेली हे त्याला कोण सांगणार? निरोप ठेवल्याशिवाय कुणी असं उठून जातं का?

म्हणून शाळेतला उरलेला रंग आणून मी दारावर तुझा लातूरचा पत्ता लिहिला. फळ्यावर लिहिते तसा, सुबक. लांब उभं राहून बघितला आणि मग ध्यानात आलं. हे भालकीचे. शाळा कानडीत, तीही चौथीपर्यंत. मराठी बोलतात फक्कड, पण वाचता कुठं येतं? एसटीची पाटीसुद्धा मीच वाचून दाखवायचे.

उदगीरच्या गुरुबसप्पामामाला कानडी लिहिता येतं. त्याच्याकडून तो पत्ता कानडीत लिहून घे आणि लगेच पाठव, मी बघून बघून दारावर उतरवीन. अक्षर मात्र मोठं काढायला सांग. ह्यांचा चष्मा इथंच, माझ्यापाशी राहिलाय.

माया असू दे, मी येतेय.
तुझी,
सिंधुअक्का