मामाचा चौकोन

४ ऑगस्ट २०२४, रविवार
पंचफुलाचं पुण्यानुमोदन आटोपलं. माझी धाकटी बहीण, वय चौपन्न. आधी कान गेले, मग साखर लागली, शेवटी हृदयाने गेली. जेवणं झाल्यावर तिची मुलगी मेघा जवळ बसली. तिलाही आता कमी ऐकू येतं. डॉक्टरने घरातल्या तीन पिढ्यांचा तक्ता मागितला आहे. कुणाला काय झालं, सगळं. मेघाची मुलगी चार वर्षांची आहे. तिचं पुढे काय, ते त्यावरून कळेल म्हणे.
म्हणालो, काळजी करू नको. मी तलाठी होतो. वंशावळीच काढत आलो.

६ ऑगस्ट
तक्ता तयार. मुलाच्या, रुपेशच्या, जात पडताळणीची वंशावळ होतीच, कमिटीने एका फेरीत मान्य केलेली. तीच उतरवली. वर माझे वडील आबा रामाजी, खाली मी, माझ्याखाली रुपेश. मृतांपुढे 'मयत'. घराण्यात एकही बहिरा नाही.
मेघाला फोनवर वाचून दाखवली. म्हणाली, "मामा, याच्यात आजी नाई, आई नाई, मीबी नाई. मंग बिमारी झाली कोनाले?"
कमिटीने असलं काही विचारलं नव्हतं.

९ ऑगस्ट
बिमारी पंचफुलाच्या सासरची असणार. लग्नाआधी तिचे कान ठणठणीत होते. पुलगावला गेलो. तिचे सासरे मोतीलाल एक्क्याण्णव वर्षांचे. पाठमोरे बसले होते. मागून अगदी कुजबुजत नाव घेतलं. म्हातारा ओरडला, "काऊन बोंबलून राह्यला? मी का बहिरा हाओ?"
वयामुळे कान हळवे झालेत. तक्त्यात लिहायचं का, ठरवेन.

१३ ऑगस्ट
मेघासोबत दवाखान्यात. डॉक्टरीण तरुण आहे, पण तोंडातल्या तोंडात बोलते. मेघाने कागदावर लिहून दिलं: असले काही आजार फक्त आईकडूनच येतात, मुलाला अन् मुलीला सारखेच. मुलगी पुढे देते. पुरुषाकडून पुढे जात नाही.
आईबद्दल विचारलं. आई भागीरथा तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये होती. मशीनच्या आवाजाने कुणाचेही कान जातील. तसं ठासून सांगितलं.
मग माझ्याबद्दल. तक्त्यात बाईला गोल म्हणे, पुरुषाला चौकोन, आजार असेल तर काळा भरायचा. भावालाही असेल तर आईकडूनचा संशय पक्का, थेट तीच तपासणी लावता येईल. नाहीतर आधी बाकीच्या, अन् त्यात महिने जातील.
मी म्हणालो, माझा चौकोन कोरा.
परतताना मेघा बसस्टँडपर्यंत एक शब्द बोलली नाही. किंवा बोलली असेल.

१५ ऑगस्ट
शाळेत झेंडावंदन. सगळे उभे, मी एकटा खुर्चीत. माइक बंद होता. मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी माझी खुर्ची कर्ण्याजवळ सरकवली.
रुपेश नागपूरहून आला. म्हणाला, "बाबा, टीवी रोडवरून ऐकू येते." त्याचे कान तेज आहेत. माझ्यावरच गेला आहे.

१८ ऑगस्ट, रविवार. सकाळ
रुपेश काल नागपूरला परत गेला. डाळ लावली. तीन शिट्ट्यांची वाट बघत पेपर वाचला. एकही झाली नाही. शेजारच्या शोभाबाई धावत आत. "भाऊ! जळलं ना सारं! अकरा झाल्या, मी तिकडून मोजून राह्यली!"
कुकर खराब आहे, म्हणालो. त्यांनी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. "तुमच्या मायले असंच आवाज द्या लागे, जी. जिनिंगात जायच्या आधीपासून."

दुपार
पंचफुलाचा शेवटचा फोन आठवला. गेली त्याच्या दोन दिवस आधीचा. ती हॅलो हॅलो करत होती, मीही. नेटवर्कला शिव्या देऊन मीच कापला. उद्या करतो म्हटलं.
तक्ता नव्याने काढला, बायकांसकट. आईचा गोल काळा केला. पंचफुलाचा, मेघाचा. मग माझा चौकोन, पेन्सिलने. नंतर वरून पेन फिरवला. खाली रुपेश कोरा. माझ्याकडून त्याला काही गेलं नाही.
फोटो मेघाला पाठवला.
कुकर घासून पुन्हा डाळ लावली. समोर स्टूल घेऊन बसलो. वाफ तीनदा वर उडाली. गॅस बंद केला.