फारूकच्या कादंबरीवर परखड दोन शब्द

२ नोव्हेंबर, रविवार
फारूक धर्माबादहून खास आला. शाळेपासूनचा मित्र. टेलरिंगचं दुकान सांभाळून कादंबरी लिहिली म्हणे. माझा सल्ला घेतला नाही, तरी बरी असेल. सोळा तारखेला धर्माबादला प्रकाशन, आणि पुस्तकावर मीच बोलायचं. साहजिक आहे. माझ्या फेसबुक पेजइतकं परखड नांदेडात दुसरं आहे काय? जाताना म्हणाला, वाचून बोल बरं का व्यंकट, अम्मीवर लिहिलोय. हे मला सांगतो! संकल्प : रोज वीस पानं.

५ नोव्हेंबर
ऑफिसात ऑडिट. शिवाय मुखपृष्ठ पाहून मन खट्टू झालं. शिलाई मशीन, खिडकी, संध्याकाळ. मुखपृष्ठ पचल्याशिवाय आत शिरू नये, हा माझा नियम.

८ नोव्हेंबर
नवा सिनेमा पाहिला. इंटर्व्हललाच उठलो. शितावरून भाताची परीक्षा. घरी येऊन पोस्ट टाकली : 'उत्तरार्धात दिग्दर्शकाची पकड सुटते.' सिंधू म्हणाली, उत्तरार्ध पाहिला कुणी? बायकोला समीक्षा कळत नाही, हे दुःख सांगायचं कुणाला?

११ नोव्हेंबर
पान नऊ. संथ आहे. फारूकचा फोन, कुठवर आलास? म्हटलं, दुसऱ्यांदा वाचायलोय. इतका खूश झाला की मलाच कसंतरी झालं. उद्या नक्की.

१५ नोव्हेंबर
पान नऊच. पण मलपृष्ठ पाठ. भाषण तयार. आईवरची कादंबरी, म्हणजे शेवटी आई जाणार. इतकी वर्षं वाचतोय, त्यासाठी शेवट उलटून कशाला पाहायला हवा? 'आईचं जाणं' या वाक्याला आवाज जड करायचा. आरशासमोर करून पाहिला. मलाच भरून आलं.

१६ नोव्हेंबर, परतीच्या बसमध्ये
अक्षर हलतंय. रस्ता खराब आहे. भाषण उत्तम झालं. 'आईचं जाणं लेखकानं किती संयमानं लिहिलंय!' म्हणालो, आणि हॉल चिडीचूप. मला वाटलं, गहिवरले. पहिल्या रांगेत रहमतबी अम्मी, अंगावर सत्काराची शाल, मांडीवर नारळ. माझ्याकडे टक लावून बघत होत्या. खाली उतरल्यावर फारूक कानाशी एवढंच म्हणाला, व्यंकट, अम्मी मरत न्हाई त्यात.

जेवायला थांब म्हणाला नाही. त्याच्या घरून आजवर उपाशी परतलो नव्हतो.

तरी माझं मत : मरायला हवी होती. रचनेची मागणी आहे.

१९ नोव्हेंबर
वरचा मुद्दा फेसबुकवर मांडला. फारूकनं लाइक केलं नाही. फोनही उचलत नाही. लेखकांना टीका सोसत नाही. सिंधू म्हणाली, एकदा जाऊन तर या. मी काय चूक केली? जेवण जात नाही. अ‍ॅसिडिटी असावी.

२३ नोव्हेंबर, रविवार
धर्माबादला जाऊन आलो. माफी मागायला नव्हे, भूमिका स्पष्ट करायला.

फारूक दुकानात होता. घरी अम्मींनी चहा दिला, जवळ बसवलं. रागाचं नावही नाही. त्यांना मराठी वाचता येत नाही आणि फारूक वाचून दाखवायला लाजतो. म्हणून त्यांनीच त्याला म्हटलं होतं, व्यंकटला बोलाव, काय लिहिलास ते तो सांगतो. हे मला आज कळलं.

म्हणाल्या, फारूक म्हणतो मी न्हाई मरत त्यात. मला बरं वाटावं म्हणून म्हणतोय. तू पढालिखा माणूस, स्टेजवर उभं राहून झूट कशाला बोलशील? मग हळूच विचारलं, बेटा, मी गेल्यावर फारूक रडला का रे किताबात?

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. म्हटलं, लई रडला अम्मी.

त्यांनी पदरानं डोळे टिपले. उठून पुस्तक आणलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, तेवढंच वाचून दाखव.

मी पानं उलटत राहिलो. फारूक दारात कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही. त्यानं पुस्तक हळूच माझ्या हातातून घेतलं. म्हणाला, अम्मी, त्याला तरास देऊ नको. त्याला पुस्तकं आवडत न्हाईत.

रागानं म्हणाला असता, तर मी उत्तर दिलं असतं.