खाली होत नाही

३ सप्टेंबर १९५६
पाटणकर बाजारातले सुभेदार जगताप आले. संस्थानची फौज विलीन झाल्यापासून घरीच. महिनाभर ताप, बरगडीखाली दुखतं. यकृतात गळू, इथे रोजचंच. "खाली काही त्रास?" विचारलं. "खाली होत नाही." लिहून घेतलं, खाली काही नाही. सुईने पाणी काढलं. तपकिरी, गळवाचंच दिसलं. एमेटीनची इंजेक्शनं सुरू.

१९ सप्टें.
ताप तसाच. वजन उतरलंय. इंजेक्शनं ढिम्म. नवं राज्य होणार, त्यासाठी बदल्यांच्या याद्या निघणार, म्हणून निम्मा स्टाफ कचेरीच्या दारात. कामाला मीच. उघडून बघायचं ठरवलं.

२२ सप्टें.
गळू नव्हेच. यकृताच्या डाव्या कडेला संत्र्याएवढी टणक गाठ, आत सडून पाणी झालेलं. म्हणून सुईला फसलो. बाकी यकृत साफ. गाठ कडेसकट काढली. तुकडा तपासायला इंदूरला. खांदे भरून आलेत.

७ ऑक्टो.
रिपोर्ट आला. कॅन्सर, आतड्यातून आलेला. यकृतात नुसता पाहुणा, घर दुसरीकडे. आज बोटाने तपासलं, गुदद्वाराच्या आतच लागला. हे पहिल्या दिवशी करायचं होतं. जगतापांना जरा चिडूनच म्हटलं, आधी का नाही बोललात?
"बोललो तर होतो ना साहेब! खाली होत नाही. दस दफे जातो, पण पोट खाली होतच नाही."
हिंदीतलं खाली. रिकामं. मी पुण्याचं ऐकलं. सहा वर्षं या हिंदी मुलखातल्या गावात काढून. फार लाज वाटली.

१५ ऑक्टो.
बदली. रायपूर. एकतीसला इथून सुटायचं. जगतापांना दुसरं ऑपरेशन सोसायला अजून तीन आठवडे तरी हवेत. मुदत मागितली. इथलं खातं म्हणतं भोपाळला विचारा. नवं राज्य एक तारखेपासून, भोपाळला अजून खातंच नाही. तरी तार केली.
घरी हिला चूक सांगितली. "मला काय सांगता, त्यांना सांगा."

२८ ऑक्टो., रविवार
जगतापांना सांगितलं, चूक आणि बदली दोन्ही. ते म्हणाले, "आता कुठे आमची मराठी समजली तुम्हाला. नवा डॉक्टर येईल, त्याला कोण समजावणार?"
केसपेपर मागवला, पहिल्या दिवसाची ओळ खोडली, वर मोठ्या अक्षरात लिहिलं: पोट रिकामं होत नाही.
घरी सामान अर्धं बांधून पडलंय. तारेचं उत्तर नाही.