अक्कांनी मागितलेली जागा

३ नोव्हेंबर, सोमवार

डोकं नुसतं भणभणतंय. सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं तोच विभागप्रमुखांनी, कारभारी सरांनी बोलावलं. "रुपाली मॅडम, विद्यार्थी भरतीचं यंदा तुम्हीच बघा." बघा म्हणजे काय! वर्ग घ्यायचे कधी, प्रयोग करायचे कधी?

ग्रंथालयात संध्याकाळी बसायला पोरं हवीत, दूध विक्रीला हवीत, हवामान केंद्रावर नोंदी घ्यायला हवीत. सगळी अर्धवेळ कामं, सगळी आमच्या कृषी विद्यापीठातल्याच विद्यार्थ्यांना द्यायची. ते एवढं अवघड नाही.

खरी ओढाताण एकाच जागेची — ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेतली वर्षभराची इंटर्नशिप. बाटल्यांमध्ये केळीची, डाळिंबाची रोपं वाढवायची. सकाळ-संध्याकाळ लक्ष लागतं म्हणून रोपवाटिकेच्या आवारातल्या दोन खोल्या त्या विद्यार्थ्याला राहायला मिळतात. इथं वर्ष काढलेल्या पोराला खासगी लॅबवाले हातोहात उचलतात. अर्ज ढिगानं येणार. जागा एक.

४ नोव्हेंबर

संध्याकाळी अक्कांचा फोन. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. काष्टीला मळ्यातल्या घरी असतात.

"रुपाली, पोरं कामावर घ्यायचं तुज्याकडं आलंय म्हनं?"

कालची गोष्ट आज काष्टीला पोचली! पार्थनंच सांगितलं असणार. पार्थ अक्कांचा मुलगा, माझा पुतण्या. इथंच तिसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहावर राहतो.

"ती लॅबमधली जागा पार्थला दे. आजवर तुज्याकडं काय मागितलंय का मी?"

नाही मागितलं. कधीच नाही. तेच तर!

मी काही बोलणार तोच मागून मोठ्या दिरांचा, दादांचा आवाज — "कुनाशी लावलंय एवढं? जेवायला कोन वाढनार?" फोन बंद.

५ नोव्हेंबर

रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

ओवी चार महिन्यांची होती तेव्हा माझी पीएचडी अर्धवट लटकलेली. सासरचे सगळे म्हणत होते, आता पुरे. अक्कांनी काही न बोलता पोरगी माझ्या मांडीवरून उचलली. "तू जा. हिचं मी बघते." ओवी चार वर्षांची होईपर्यंत काष्टीलाच होती. चालायला तिथं शिकली, बोलायला तिथं शिकली. अजून त्यांना 'मोठी आई' म्हणते. पडली-झडली की पहिली हाक त्यांचीच.

माझ्या नावामागं डॉक्टर लागलं ते अक्कांमुळं. आणि आता त्या एक गोष्ट मागतायत. एकच!

९ नोव्हेंबर, रविवार

पार्थ नेहमीसारखा जेवायला आला. गुणी पोरगा आहे. ओवीला सायकल शिकवतो, जेवल्यावर ताट उचलून ठेवतो. पण लॅबचं विचारलं की मोबाईलमध्ये डोकं. "बघू की काकू." ह्याला त्या जागेची ओढ नाही, हे आंधळ्यालाही दिसेल.

तो गेल्यावर वैजनाथला विचारलं, "काय करू?"

"नियमात बसत असेल तर बघ."

"आणि नसेल बसत तर?"

नवरा उठला नि दुकानाची किल्ली शोधायला लागला. रविवारी! ठिबकचं दुकान रविवारी कधी उघडलंय ह्यानं?

११ नोव्हेंबर

अर्ज चाळून शेवटी तीन नावं उरली — पार्थ, आदिनाथ आणि मोनिका.

मोनिका पाथर्डीकडची. आगाऊ. वर्गात माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचा हात वर. समोरच्याला राग येईल असंच बोलते, आणि आला तरी तिला फरक पडत नाही. मला ती आवडत नाही. इथं लिहायला काय हरकत आहे? पण प्रॅक्टिकलला तिचे हात बघावेत. चिमटा असा धरते की कोंबाला कळतही नसेल.

पार्थचे हात घाईत असतात. मन दुसरीकडंच.

मग ठरवलं. कारभारी सरांना लेखी कळवलं — पार्थ माझा सख्खा पुतण्या, सबब मी मुलाखतीला बसणार नाही. सर वाचून हसले. "बरं बरं. समजलं."

हायसं वाटलं. आता माझ्या हातात काही नाही!

१३ नोव्हेंबर

मुलाखती झाल्या. निवड — पार्थ.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, हे कसं?"

"कसं म्हणजे? तुम्ही लिहून दिलंत ना, पुतण्या आहे म्हणून. आम्हाला काय एवढंही कळत नाही होय?" वर डोळे मिचकावले.

अरे देवा! मी बाजूला झाले ते लांब राहायला, आणि त्यांना तो इशारा वाटला. माझा सरळपणा माझ्याच अंगावर आला.

१४ नोव्हेंबर

मोनिका केबिनमध्ये आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"मॅडम, माझं काय चुकलं तेवढं सांगा. पुढच्या वेळंला सुधारते."

"काही चुकलं नाही तुझं."

"मग?"

मी पाण्याची बाटली उघडली, प्याले, पुन्हा बंद केली. ती तशीच उभी. मग म्हणाली, "बरं," नि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. हिला एरवी किती भांडता येतं!

१५ नोव्हेंबर, शनिवार

शिंगणापूरच्या गाड्या, त्यात उसाच्या ट्रॉल्या. बाजारातून घरी यायला जीव मेटाकुटीला आला. दारात पोचते तोच अक्कांचा फोन.

हसत होत्या! अक्कांना असं हसताना मी कधी ऐकलंच नव्हतं. एखाद्या मुलीसारखा आवाज.

"लई उपकार केलंस बाई माज्यावर. आता त्यानं तिकडं राहायला कधी जायचं? डब्याबिब्याचं, भांड्याकुंड्याचं मी बघते."

"अक्का, अजून पक्कं नाही..."

"नाव लागलंय म्हनला की पार्थ!"

"व्हय," म्हटलं. फोन ठेवून स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. ओवीनं दोनदा भूक लागली सांगितलं तेव्हा भानावर आले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गेले कारभारी सरांकडं. म्हटलं, ही निवड मला मान्य नाही. तिघांची सगळ्यांसमोर प्रत्यक्ष चाचणी घ्या. ज्याच्या बाटल्या स्वच्छ राहतील त्याची जागा.

"मॅडम, पोरगं तुमच्या घरातलं, जागा त्याला मिळालेली. आलेलं माघारी कशाला लावताय?"

"नाही घेतलीत तर हे भरतीचं काम आजच सोडते. आणि का सोडते ते लिहून देते."

सरांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "घ्या उद्या. पण घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

पार्थला मीच बोलावून सांगितलं. "पुन्हा परीक्षा आहे. मनापासून दे." मान हलवली. रागावला नाही. मलाच रडू आलं.

१८ नोव्हेंबर

चाचणी झाली. निर्जंतुक पेटीसमोर बसून केळीचे कोंब कापायचे आणि नव्या बाटल्यांत लावायचे. हात जरा अस्वच्छ राहिला, श्वास जरा जवळ गेला, की चार-सहा दिवसांत बाटलीत बुरशी. आपोआप निकाल.

मी काचेबाहेर. पार्थनं मध्येच नाक खाजवलं, नि तोच हात पुन्हा आत! माझ्या तोंडून "अरे!" निघून गेलं. आदिनाथ घामाघूम. मोनिका — एकदाही मान वर केली नाही.

बाटल्यांवर नावं घातली, वाढगृहात मांडल्या. आता वाट बघायची.

२० नोव्हेंबर

सगळ्या बाटल्या स्वच्छ. पार्थच्याही. दिवसभर काही ना काही निमित्त काढून जाऊन बघतेय. लॅबमधला सहायक सहादेव म्हणाला, "मॅडम, आंडी उबवताय का काय?"

देवा, पार्थच्या तशाच राहू देत. मग कुणालाच काही बोलता येणार नाही!

२२ नोव्हेंबर, शनिवार

नाही राहिल्या.

दुपारी गेले. पार्थच्या बाटल्यांत पांढरा कापूस धरलाय. आदिनाथच्याही एक-दोन गेल्या. मोनिकाच्या हिरव्यागार.

सुट्टीचा दिवस. सहादेव जेवायला गेलेला, आख्ख्या इमारतीत मी एकटी. सोमवारी सर येईपर्यंत कुणी बघणार नव्हतं. बाटल्यांतलं पोषक माध्यमच खराब निघालं असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. बाटल्या धुवायला टाकल्या असत्या, पुन्हा चाचणी, पुन्हा संधी. ट्रे उचललाही होता. हातात ट्रे, आणि डोळ्यासमोर अक्का. कडेवर ओवी, दुसऱ्या हातानं भाकरी थापतायत.

तेवढ्यात जिन्यावर सहादेवच्या चपला वाजल्या. तो आला म्हणून ट्रे खाली ठेवला, की मीच ठेवणार होते? खरंच माहीत नाही. कितीही विचार केला तरी कळत नाही.

२४ नोव्हेंबर

मोनिकाची निवड झाली. सरांनी मुकाट सही केली.

तिला बोलावून सांगितलं. आभार-बिभार काही नाही. "मॅडम, खोलीची किल्ली कुनाकडं हाय?" एवढंच! आणि ह्या पोरीसाठी मी...

नाही. तिच्यासाठी नव्हतंच ते.

२५ नोव्हेंबर

दादांचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "शिकून लई मोठी झालीस का गं? तुजी पोरगी कुनी वाढवली? आमच्याच पोराला खाली खेचलंस!"

मी ऐकून घेतलं. म्हटलं, अक्कांना द्या फोन.

"ती न्हाई बोलनार तुज्याशी."

वैजनाथ शेजारीच बसलेला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "तू केलंस ते बरोबरच केलंस." आणि वर, "पण काष्टीला आता कोणत्या तोंडानं जायचं?"

मी म्हटलं, "आहे त्याच."

२७ नोव्हेंबर

अक्का फोन उचलत नाहीत. सकाळी केला, दुपारी केला. वैजनाथच्या मोबाईलवरून केला तरी नाही.

माझ्यावर ओरडल्या असत्या तरी चाललं असतं.

३० नोव्हेंबर, रविवार

पार्थ येणार नाही असं धरून भात कमी लावला होता. आला! नेहमीसारखा, ओवीसाठी चिक्की घेऊन.

जेवताना म्हणाला, "काकू, तू एवढं मनाला लावून घेऊ नको. मला नकोच होतं ते. मला बँकेच्या परीक्षा द्यायच्यात. आईच मागं लागली होती."

"एवढी का मागं लागली?"

"काय की. रोज फोन करायची. रडायची सुद्धा. म्हणायची, तू नुसता हो म्हण, काम नाही जमलं तरी चालंल."

काम नाही जमलं तरी चालेल? मग हवं काय होतं त्यांना? पार्थला विचारलं तर खांदे उडवले. तो गेल्यापासून हेच डोक्यात. भांडी घासताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. पगाराचं म्हणावं तर घरात काही कमी नाही. मानाचं म्हणावं तर अक्का तशा नाहीत.

उद्या स्वतःच काष्टीला जावं का? दादा दारातूनच परत पाठवतील. पाठवू देत.

१ डिसेंबर

गेले नाही. वर्ग होते. खरं म्हणजे धीर झाला नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

ओवीची शाळेची बस गेली नि दारात अक्का. एकट्याच. पहिल्या एसटीनं नगरला, तिथून इथं. हातात बॅग.

मी म्हटलं, "अक्का, पार्थचं ते..."

"पार्थचं ऱ्हाऊ दे. काम त्याला, खोल्या मला पायजे हुत्या. पोराला रांधून घालाया आई ग्येली तर कोन नाव ठेवत न्हाई. दुसरं कुठलं कारन सांगून मला त्या घरातनं निघता आलं नसतं."

उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या.

"आता बिनकारनाचीच आलेय. घेतीस का?"

बॅग मी आत आणली. अक्का झोपल्यात, भर दुपारी, गाढ. दादांचे फोन येतायत. उचललेले नाहीत.