तळण कशाला म्हणावे?

रत्नागिरी,
श्रावण वद्य दशमी

तीर्थस्वरूप अण्णाकाकांच्या चरणी यज्ञेशचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे आणि मथुराकाकूंची खोकल्याची ढास थांबली का, ते कळवावे. पावसला पाऊस कसा आहे असं विचारणार होतो, पण तो विनोद बाबा दर पत्रात करायचे आणि तुम्ही दर वेळी चिडायचात, म्हणून विचारत नाही.

हातात फोन असताना पुतण्याने पत्र का लिहावं, असं तुम्हाला वाटेल. तर अण्णा, तुम्ही फोन घेतलात की आधी स्पीकर लावता आणि मग ‘बोल’ म्हणता. तुमच्या ओटीवर बोललेलं स्वयंपाकघरात काकूंना ऐकू जातं, काकूंना ऐकू गेलेलं पाच मिनिटांत ऋजुताला कळतं, आणि मला जे सांगायचं आहे ते ऋजुताच्या अपरोक्षच सांगायला हवं. विषय कढईचा आहे. आजीची लोखंडी कढई, जी तुम्ही वाटणीच्या वेळी उदार होऊन बाबांना दिलीत (आणि त्यावरून काकू तुम्हाला अजून ऐकवतात), ती आषाढापासून आमच्या घरात दिसेनाशी झाली आहे. गौरी तोंडावर आल्या आहेत. मला ती परत हवी आहे, आणि हे काम तुमच्याशिवाय कोणाच्याने होणारं नाही.

आता मुळापासून सांगतो. आषाढात माझी तपासणी झाली. रिपोर्टात चरबीच्या पुढे जो आकडा होता, त्याखाली डॉक्टरांनी लाल शाईने दोनदा रेघ ओढली. बाबा एक्कावन्नाव्या वर्षी गेले आणि येत्या मार्गशीर्षात मला एक्कावन्नावं लागतंय, हे मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. ते ऋजुताने सांगितलं. येताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. तेवीस वर्षांच्या संसारात रिक्षात ती गप्प बसली असं कधी झालेलं नाही, त्यामुळे खरं सांगतो, रिपोर्टापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली. आठ दिवसांनी घरात एक खोकं आलं आणि त्याच संध्याकाळी कढई गेली.

खोक्यातून निघालेलं यंत्र दिसायला देवळातल्या दानपेटीसारखं आहे. काळं, उंच, पुढे ओढायचा खण. त्याला एअर फ्रायर म्हणतात. आत तापलेली तार, तिच्यावर पंखा, आणि खणात जाळीची टोपली. एवढ्या भांडवलावर ते तळल्याचा आव आणतं. ऋजुता शाळा आणि शिकवण्या उरकून साडेसातला येते, मी कचेरीतून साडेपाचला, तेव्हा रात्रीच्या जेवणाचं खातं माझ्याकडे आलं. ‘वीस मिनिटांत होतं सगळं,’ असं ती म्हणाली. होतं, पण काय होतं हे आधी सांगता येत नाही. पहिल्या दिवशी मी पोह्याचा पापड ठेवला. पंखा सुरू झाला, पापड उडाला आणि वरच्या तारेला जाऊन चिकटला (तो अजून तिथेच आहे, आम्ही आता त्याच्याखालीच स्वयंपाक करतो). दुसऱ्या दिवशी घावनाचं पीठ घातलं. टोपलीला भोकं आहेत हे मला ठाऊक होतं, परंतु पीठ तव्यावर जसं धरतं तसं इथेही धरेल, असा माझा पिठावर विश्वास होता. तिसऱ्या दिवशी मात्र नीरफणसाचे काप केले. तिखट-मीठ-हळद चोळून, तांदळाच्या पिठात घोळवून, वर चमचाभर तेल. अण्णा, तुमच्यापाशी खोटं बोलवत नाही, काप उत्तम झाले. कडा कुरकुरीत, आत लोणी. मी नऊ खाल्ले. (हे ऋजुताला कळता कामा नये.)

असं आठवडाभर सुरळीत चाललं होतं. सुरण, वांगी, कधी कणसं, कधी पनीर. तेवढ्यात सुतक आलं. देवरुखचे बापू वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी शांतपणे गेले. त्यांना मी आयुष्यात एकदा पाहिलं, तेही मुंजीत, माझ्याच. तरी भावकी ती भावकी. दहा दिवस देवपूजा नाही, गोड नाही, तळण नाही. आणि नेमकी याच दहा दिवसांत परसातली मायाळू अशी फोफावली की तिची पानं खिडकीतून आत डोकावून मला हाक मारू लागली. बाहेर धो धो पाऊस, आत बेसनाचा डबा, आणि मायाळूच्या भज्यांना बंदी. चौथ्या दिवशी माझ्या मनात आलं की कढई नाही, उकळतं तेल नाही, मग हे तळण तरी कुठलं?

पहिला घाणा वाया गेला, कारण पानं पातळ पिठातून सुटून पापडाच्या भेटीला वर गेली. मग पीठ घट्ट भिजवलं, पानं दोन-दोन एकाला एक चिकटवली, वर तेलाचा हात फिरवला. सुवास सुटला आणि तिथेच घात झाला. पलीकडच्या आळीत आपल्या भावकीतल्या गोदाकाकू राहतात (वय ब्याऐंशी, नाकाचं वय वीस). सुतक त्यांनाही होतंच. छत्री न मिटता त्या थेट स्वयंपाकघरात आल्या. “मेल्या, बापूचे दहा दिवस झाले नाहीत नि भजी तळतोस?” मी त्यांना गॅस दाखवला, बंद होता. कढई दाखवायला नव्हतीच. त्यांनी ओट्याखाली पाहिलं, फडताळात पाहिलं, तेलाची बरणी हलवून पाहिली. नाक म्हणत होतं तळण आहे, डोळे म्हणत होते नाही, आणि काकू मधल्यामध्ये अडकल्या. शेवटी त्या म्हणाल्या की हे शास्त्राचं आहे, पावसला अण्णांनाच विचारायला हवं.

पुढचं तुम्ही जाणताच. तुम्ही स्पीकर लावलात, आम्हीही लावला. गोदाकाकूंनी फिर्याद मांडली, मी बचाव केला. तुम्ही तेल किती घातलं एवढंच विचारलंत, आणि मग तो निर्णय दिलात: “तेलात बुडलं तर तळण. बुडलं नाही तर भाजणं. भाजण्याला सुतकात अडचण नाही.” काय सांगू, मला तुमचा इतका अभिमान वाटला. गोदाकाकूंनी तिथेच छत्री मिटली, पाट ओढला आणि सात भजी खाल्ली. त्यानंतर सुतक फिटेपर्यंत त्या रोज सहाच्या ठोक्याला येत होत्या. मीही जोरात होतो. त्यांचा उरलासुरला संशय फिटावा म्हणून दर घाण्याला मोठ्याने म्हणायचो की कढईतल्यापेक्षा ही सरस लागतात, पोटाला हलकी, हाताला तेल नाही, आता कढई हवीय कोणाला.

अण्णा, मी तोंडघशी पडलो तो असा. त्यातल्या एका संध्याकाळी ऋजुता लवकर घरी आली होती आणि दारात चपला काढत उभी होती. तिने तुमचा निर्णय भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहिला आणि त्याखाली माझं वाक्य लिहिलं, अवतरणचिन्हांसकट. सुतक फिटलं त्या दिवशी मी हळूच कढईचा विषय काढला. तिने नुसतं कॅलेंडराकडे बोट केलं. “मग आता तक्रार कसली? स्वतःच सांगितलंय की.” गोदाकाकू साक्षीला होत्याच, त्यांनी मान डोलावली. त्या आता यंत्राच्या बाजूच्या झाल्या आहेत.

हेही मी सोसलं असतं. पण गेल्या आठवड्यात ऋजुताने जाहीर केलं की यंदा गौरींच्या नैवेद्याचे भोपळ्याचे घारगेही त्यातच करायचे. आपल्या घराण्यात गौरींना अकरा घारगे दाखवतात आणि ते टम्म फुगलेले असावे लागतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. तिने रविवारी रंगीत तालीम केली. फुगला एकही नाही. एक मी खाल्ला, तो चपलेच्या टाचेसारखा लागला. दुसरा गोदाकाकूंनी चहात बुडवून ठेवला, चहा संपला, घारगा तसाच होता. तेव्हापासून मी कढई शोधतो आहे. माळा पाहिला, तांदळाची कणगी पाहिली, पलंगाखालच्या ट्रंका पाहिल्या. ऋजुता मला शोधताना पाहते आणि काही बोलत नाही, आणि ती बोलत नाही म्हटल्यावर माझा हात थांबतो. तिचा जीव कशात अडकलाय ते मला समजतं हो. बाबांना उचलून रिक्षात घातलं तेव्हा त्यांचे पाय तिने धरले होते. पण म्हणून गौरींनी का टाचा खाव्यात?

बाकी सर्व क्षेम. काकूंना नमस्कार. तुमचा गुडघा वातामुळे असेल तर तेल चोळा. (तेवढंच तेल आता आपल्या वाट्याला.)

आपला आज्ञाधारक,
यज्ञेश

ता. क. – मुख्य गोष्ट राहिलीच. तुमचा निर्णय फिरवायचा नाही, फक्त एक पाऊल पुढे न्यायचा आहे. यंत्रातलं ते तळण नव्हे, असं तुम्हीच म्हणालात. तर मग यंत्रातला घारगा तो घारगाही नव्हे, आणि तो गौरींना चालत नाही. एवढं आपल्या घोटीव अक्षरात एका कार्डावर लिहून ऋजुताच्या नावे पाठवा. ती माझं ऐकणार नाही, तुमचं मोडणार नाही.

ता. क. २ – लिहिताच आहात तर अकराच्या जागी एकवीस लिहा. जुन्या पोथीत सापडलं म्हणा. कढई एकदा बाहेर निघाली की तेल उरतं, उरलेलं तेल टाकवत नाही, आणि मायाळू अजून भरपूर आहे. हे कार्डावर लिहू नये.

ता. क. ३ – ती. अण्णा, सा. न. हे अक्षर माझं, ऋजुताचं. पाकीट चिकटवायला डिंक शोधायला हे आत गेले आहेत (डिंक कुठे आहे ते मला माहीत आहे, कढईसारखंच), तेवढ्यात लिहिते. कार्ड खुशाल पाठवा. गौरींच्या दिवशी कढई बाहेर निघेल, घारगे तेलातच तळीन, देवाशी माझं भांडण नाही. पण अकराच होतील, त्यातला यांना एक, आणि कढई त्याच संध्याकाळी परत जाईल. यांचा बावन्नावा वाढदिवस मला करायचा आहे, त्यानंतर त्रेपन्नावा. यात मला कोणाचाही निर्णय नको आहे, तुमचासुद्धा. आणखी एक. तुम्ही गेल्या महिन्यात रक्त तपासून घेतलंत आणि कागद पंचांगात लपवलात, तो मथुराकाकूंना सापडला. त्यांनी फोटो काढून मला पाठवला आहे. तुमचा आकडा यांच्यापेक्षा मोठा आहे. काकूंनी मागवायला सांगितलेलं दुसरं यंत्र काल आलं. रविवारी पहिल्या एसटीने ते घेऊन मी पावसला येते. तुमची कढई मी परतताना घेऊन जाईन, तेवढी घासून ठेवायला काकूंना सांगा.