उत्तरेच्या भिंतीवरच्या काचा

११ ऑगस्ट १९९८
पाडणार म्हणे! आपली जुनी कचेरी! खाली पोलीस ठाणं, वर कोर्ट, सव्वाशे वर्षांची काळ्या दगडाची इमारत. आज साहेबांनी तिची फाईल माझ्यापुढे सरकवली. उत्तरेच्या भिंतीला भेग गेलीय. भेग वाढत असेल तर इमारत पाडायची, थांबली असेल तर दुरुस्ती. "तीन महिने बघा आणि लिहून द्या, पल्लवीबाई." बांधकाम खात्यात लागून मला दोन वर्षंही झाली नाहीत, आणि हे!

१२ ऑगस्ट
भेगेवर आडव्या तीन काचपट्ट्या प्लास्टरनं चिकटवल्या. प्रत्येकीवर आजची तारीख रंगवली. भिंत केसभर हलली तरी काच तडकते, मग समजायचं भेग वाढतेय. सहादू हवालदार कमरेवर हात ठेवून बघत होते. "मॅडम, भिंतीला अटक केली काय?"
झाडलोट करणाऱ्या लंकाबाईंना बजावलं, काचांना कुणाचा हात लागता कामा नये. "तुमी बिनघोर जा, ताई."

१८ ऑगस्ट
काचा शाबूत.

२७ ऑगस्ट
आज फजिती! लॉकअपच्या कोपऱ्यात एक अरुंद दगडी जिना आहे. मोजत मोजत चढले तर थेट कोर्टात, आरोपीच्या पिंजऱ्यात निघाले – तेही टेप हातात घेऊन, ऐन सुनावणीत! न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. एक वकील गडबडीनं उठून म्हणाले, "या माझ्या अशील नाहीत, साहेब!" सगळं कोर्ट हसलं. मीही.
पण काय डोकं चालवलंय बांधणाऱ्यानं! कैद्याला व्हरांड्यातून, लोकांमधून न्यायलाच नको.
काचा शाबूत.

१५ सप्टेंबर
चार दिवस पाऊस नुसता कोसळतोय. धावतच गेले. शाबूत!! तिन्ही!
मग निवांत वर बघत बसले. टोकदार कमानी, छपराला पेलणाऱ्या सागवानी कैच्या, मंगलोरी कौलं. कमानीच्या दगडांवर पाथरवटांनी आपापल्या खुणा कोरल्यात – कुणाचा मासा, कुणाचा त्रिशूळ. मला ही इमारत फार फार आवडते. लिहून टाकलं एकदाचं. लंकाबाई म्हणाल्या, "ताईंचा जीव या भिताडात अडकलाय." खरंच आहे.

१ ऑक्टोबर
दसरा. ठाण्यात शस्त्रपूजा. बंदुकांना झेंडू, जीपला झेंडू, माझ्या काचांनासुद्धा हळदकुंकू! लंकाबाईंची करामत. सहादू म्हणाले, "आता कशाला फुटतायत त्या?"

२० ऑक्टोबर
शाबूत.

१२ नोव्हेंबर
तीन महिने पूर्ण. रिपोर्ट दिला: भेग जुनी आहे, वाढत नाही, इमारत दुरुस्त करण्याजोगी. साहेबांनी दोनदा वाचला आणि एवढंच म्हणाले, "बरं झालं." त्यांनाही पाडायची नव्हतीच की काय!

२६ नोव्हेंबर
पाडण्याचा प्रस्ताव रद्द!!! ऑफिसात उडीच मारायची बाकी होती. उद्या सगळ्यांना पेढे.

२७ नोव्हेंबर
पहिला पेढा लंकाबाईंना. म्हटलं, तुम्ही काचा सांभाळल्या म्हणून कचेरी वाचली.
"मंग! मधली दोन डाव तडकली व्हती. फुटकी काच भितीवर ठिवू नाय, ताई, वाईट असतं. म्या फ्रेमवाल्याकडनं नवी आणून बशिवली. तुमचं आकडं बी हुबेहूब काढलं. मला वाचता नाय येत, पन बघून काढता येतं." केवढ्या खुशीत सांगत होत्या.
सहादूंना सांगितलं, वरचे-खालचे सगळे बाहेर काढा, आत्ताच्या आत्ता. रिपोर्ट परत मागायला निघालेय.