अध्यक्ष निवासस्थानीच होते

बाबा, सकाळपासून मी एका परक्या माणसाचा दिवस वाचते आहे. हा माणूस कधीकाळी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता. तुमच्यासारखीच त्यालाही जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्याच्या कचेरीत रोज काय काय झालं ते लिहून ठेवायला माणसं नेमलेली होती, आणि ते सगळे कागद आता एका मोठ्या संग्रहात जपून ठेवले आहेत. त्यांचे फोटो काढून इंटरनेटवरही टाकलेत, कुणीही उघडावेत. कुणीही म्हणजे मीसुद्धा. इथे बहारीनमध्ये, सनद नावाच्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, मुलाच्या जुन्या टॅबलेटवर. साहेब उठले, नाश्ता झाला, अमक्याचा फोन आला, तमका आत गेला, बाहेर आला, साहेब बागेत एक फेरी मारून आले. कधी कधी पूर्ण दुपार कोरी असते आणि एवढंच लिहिलेलं असतं की अध्यक्ष निवासस्थानीच होते. ते वाक्य आलं की मी थोडी थांबते. माझे बहुतेक दिवस त्या एका ओळीत मावतात.

तुम्ही विचाराल, तुला इतकं इंग्रजी कधी आलं. हे हॉटेलात कामाला होते ना, तिथे पाहुणे खोलीत मासिकं टाकून जायचे, ती हे घरी आणायचे. आधी मी नुसती चित्रं बघायची. मग मुलाची शाळेतली डिक्शनरी घेऊन बसायला लागले, ओटा आवरून झाला की रोज थोडं. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे काही शब्दांचे उच्चार अजून मला येत नाहीत, अर्थ तेवढा कळतो. हे गेल्यावर मासिकं बंद झाली. तेव्हा मुलाने टॅबलेट दिला आणि म्हणाला, "यात सगळं आहे मम्मा, काय पाहिजे ते वाच." काय पाहिजे ते मला ठाऊक नव्हतं. असंच एकातून दुसऱ्यात जाता जाता या कागदांपाशी आले, आणि पहिलंच पान वाचताना मला आपल्या घरातली संध्याकाळ आठवली.

आठवते ना तुम्हाला? रोझरी संपायची, आम्ही रांगेने येऊन तुमचा आशीर्वाद घ्यायचो, आणि आई भाताकडे वळली की तुम्ही पाटावर बसून एकेकाला विचारायचात, "हं, सांग तुझा दिवस." थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. कुत्रा मागे लागला, पाटी फुटली, सिस्टरांनी कान पिळला, काहीही चालायचं. एकच गोष्ट चालत नसे. कुणी "काही नाही" म्हटलं की तुम्ही लगेच म्हणायचात, "देवाने एक पूर्ण दिवस दिला आणि त्यात काही नाही? बस गुडघ्यावर, एक नमो मरिये म्हण." धाकटा तर मुद्दाम "काही नाही" म्हणायचा, कारण गुडघ्यावर बसून तो तोंड लपवून हसत असे. एकदा त्यानेच विचारलं, "बाबा, तुमचा दिवस?" तुम्ही म्हणालात, "पानवेलीला पाणी सोडलं, पाणी बंद केलं." आम्ही हसलो. मग ते तुमचं उत्तरच होऊन बसलं, आणि हळूहळू कुणी तुम्हाला विचारीनासं झालं.

या साहेबाच्या कागदांत नुसते जेवणखाण आणि फोन नाहीत. कुठला निर्णय कसा झाला त्याचेही कागद आहेत, आणि मला खरी गोडी लागली ती त्यांची. कुणीतरी खालचा अधिकारी एखादा प्रश्न मांडतो, या बाजूने हे, त्या बाजूने ते, माझं मत असं. मग दुसरा त्याचं खोडून काढतो. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी तीन ओळी छापलेल्या असतात. मंजूर. नामंजूर. माझ्याशी बोला. साहेबाने पेनने एका ओळीपुढे खूण करायची. एवढा मोठा माणूस, पण काम काय तर तीनांतली एक ओळ निवडायची. परवा एका धरणाचे कागद वाचत होते. पाण्याखाली जाणाऱ्या वस्त्या हलवायच्या की नाहीत, यावर किती पानं लिहिलीत. मी आपली शोधत बसले, ज्यांना हलवायचं त्यांना कुणी विचारलं का. एकाने तसं सुचवलं होतं, आधी विचारून घ्यावं म्हणून. त्याच्या पुढचा कागदच नाही. त्या जागी एक कोरं पान, त्यावर शिक्का, की इथला कागद काढून ठेवला आहे.

बाबा, मला माझी नववी आठवली.

आई अंथरुणाला खिळली होती. शाळेच्या सिस्टर घरी आल्या होत्या, तुम्ही वाडीतल्या तळ्याच्या, आपल्या बावखलाच्या काठावर पंप उघडून बसला होतात, हात ग्रीसने काळे. मी केळीच्या आड उभी होते. सिस्टर काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, तुम्ही मान हलवलीत तेवढं दिसलं. त्या संध्याकाळी रोझरी झाली, तुम्ही भावांना त्यांचा दिवस विचारलात आणि माझ्यापाशी आल्यावर मात्र म्हणालात, "उद्यापासून तू घरी." मी म्हटलं, "परीक्षेपर्यंत तरी?" तुम्ही म्हणालात, "मी विचारलं का तुला?" त्या घरात सगळ्यांना सगळं विचारलं जायचं, म्हणून ते वाक्य मला इतकं लागलं. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही बाजारातून माझ्यासाठी निळ्या रंगाचा कंदील आणलात. घरात दिवा असताना वेगळा कंदील कशाला, असं आईने विचारलं तेव्हा तुम्ही त्याची काच पुसत बसलात. मी त्या कंदिलाजवळ बसून भावांची पुस्तकं वाचली. पण तो कशासाठी आणला हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही. तुमच्या त्या निर्णयाच्या जागी माझ्याकडे तसंच एक पान आहे, कागद काढून ठेवलेलं.

हे सगळं आता उकरून काढायचं कारण सांगते. आमच्या बिल्डिंगखाली कोल्ड स्टोअर आहे. इथे वाण्याच्या दुकानाला असंच म्हणतात. दुकानदार रत्नागिरीकडचे मुसलमान, मला भाभी म्हणतात. सून नर्स आहे, ती नव्या नोकरीवर आधीच आयर्लंडला गेली, मुलगाही इथली नोकरी सोडून तिच्याकडे जायचा आहे. तोवर तो हिद्दला पोर्टाजवळच्या ऑफिसात, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. त्यामुळे दिवसभरात माझ्याशी मराठीत बोलणारा हा एकच माणूस. मी त्यांना साहेबाच्या गोष्टी सांगते आणि ते रोज चेष्टा करतात.

"काय भाभी, तुमचा प्रेसिडेंट जेवला काय?"

"जेवला. एकटाच."

"बायको?"

"माहेरी गेली असेल."

"आणि तो लिवणारा माणूस बाजूला उभा? मग जेवन काय गोड लागनार. आमच्या घरी बघा, कागद नाय, पेन नाय, लग्नात मी तिच्या मामूला काय बोललो ते बेगम अजून शब्दाला शब्द सांगते. तिलाच ठेवायला पायजे होती तुमच्या साहेबाने."

मी हसले, दही आणि खुबूस, इथली रोटी, घेतली. निघताना ते म्हणाले, "कार्टन मोठे ठेवू की बारके? भांड्यांना बारके बरे."

"कसले कार्टन?"

त्यांचा चेहरा उतरला. "मुलगा बोलून गेला ना. तो तिकडे, तुमी वसईला. मला वाटलं..." मग पिशवीला उगाच गाठ मारत म्हणाले, "मी काय बोललोच नाय, भाभी. खलास."

त्या दिवशी मुलगा आला तेव्हा मी चहासुद्धा टाकला नव्हता. "मी वसईला चाललेय हे मला खालच्या दुकानात कळलं."

"मम्मा, आय वॉज गोइंग टू टेल यू."

"कधी? कार्टन भरल्यावर?"

तो बूटसुद्धा न काढता सोफ्यावर बसला. इंग्रजीतच बोलला, तो नेहमीच तसा बोलतो, मी मराठीत उत्तर देते. माझा व्हिसा त्याच्या नोकरीवर आहे, त्याचा कॅन्सल झाला की माझा आपोआप जातो. वसईचं घर रंगवायला दिलंय. शेजारी काकी आहेत, एक बाई ठेवू दिवसभराची. आयर्लंडचं नंतर बघू. सगळं बरोबर होतं, बाबा. मी एकेक गोष्ट मनात तपासली, एकही चूक निघाली नाही. वसईला काय वाईट आहे? चर्चच्या मागे दफनभूमीत तुम्ही आहात, आई आहे, यांनाही आम्ही विमानाने तिकडेच नेलं. पण या साऱ्यात तळाशी त्या तीन ओळी कुठेच नव्हत्या. नामंजूर म्हणायचं नव्हतं मला. मला तिसरी ओळ हवी होती. मी म्हटलं, "मला विचारलं का कुणी?" तर तो म्हणाला, "व्हॉट इज देअर टू आस्क, मम्मा?" आणि बूट घेऊन आत गेला. त्यानंतर चार दिवस आम्ही जेवण वाढणं आणि ताट उचलणं एवढंच बोललो. मी वसईच्या घरातला माझा दिवस मनाशी लिहून बघत होते. उठले. दार उघडलं. बाई आली. बाई गेली. निवासस्थानीच होते.

काल संध्याकाळी मी एकटीनेच रोझरी केली. शेवटच्या गूढाला, शेवटचे दहा मणी उरले असताना, तो आला, आणि माझं संपेपर्यंत दारातच उभा राहिला. लहानपणी शिकवलेलं तेवढं त्याच्या अंगात आहे. माळ डबीत ठेवता ठेवता मी त्याच्याकडे पाहिलं. कॉलर मळलेली, आणि डबा पिशवीत सकाळसारखाच जड. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हं, सांग तुझा दिवस."

"नथिंग, मम्मा. सेम."

"तुझ्या आजोबांच्या घरी याला गुडघ्यावर बसवायचे."

ती गोष्ट त्याला यांनी सांगितलेली होती. तो थोडा हसला, स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून बसला, डबा उघडून थंड भाजी खाऊ लागला आणि बोलायला लागला. अर्धं इंग्रजीत, मग कधी नव्हे ते अर्धं मराठीत, मोडकं. जेवणाच्या सुट्टीत तो इमिग्रेशनच्या ऑफिसात गेला होता. मला आणखी काही महिने इथे ठेवता येईल का, तोवर तिकडचं काही जमेल का. तिथला माणूस मफी म्हणाला, म्हणजे नाही. त्याआधी आयर्लंडच्या एजंटकडे गेला होता, आणि त्याआधी बायकोच्या हॉस्पिटलला विचारायला लावलं होतं. हे महिनाभर चाललं होतं. सगळीकडून नाही आलं तेव्हा त्याने रंगाऱ्याला फोन केला. मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलं?" तो डब्याकडे बघत म्हणाला, "तुला काय सांगू मम्मा? नुसतं नाही, नाही, नाही?"

म्हणजे कागद होते, बाबा. मला फक्त शेवटचं पान दिसलं होतं.

तेव्हापासून मी तुमचा तो दिवस लिहून बघते आहे. सिस्टर येण्याआधी तुम्ही कुठे कुठे जाऊन आला असाल. आईच्या बहिणीकडे गेला असाल, तिने पोरं सांभाळायला नाही म्हटलं असेल. डॉक्टरकडे. कदाचित फादरकडेही. कदाचित कुठेच नसाल गेला, पंपापाशी बसूनच ठरवलं असेल, तेही शक्य आहे. मी तुम्हाला उगाच चांगलं करत नाही. पण एवढं मला नक्की आठवतं की त्या संध्याकाळी तुम्ही मला तसं बोललात, मी रडत आत गेले, आणि तुमचा दिवस कुणी विचारला नाही. विचारला असता तर पाणी सोडलं, पाणी बंद केलं, एवढंच म्हणाला असतात का, ते मला आता कधी कळणार नाही.

काल डबा धुऊन ठेवताना मुलाने पाठमोऱ्यानेच विचारलं, "आणि तुझा, मम्मा? तुझा दिवस?"

हे गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मला एकटीने राहायची भीती वाटते, बाबा. मरणाची नाही. दुपारची. कुलूप उघडून आत गेल्यावर कुणाला हाक मारायची नसते त्याची. त्याच्या पाठीकडे बघत मी उभी होते, नळ वाहत होता, आणि मी म्हणाले, "काही नाही."

तो नळ बंद करून वळला. मला वाटलं आता तो मला गुडघ्यावर बसवणार. पण तो दमला होता. "गुड नाइट मम्मा" म्हणून झोपायला गेला.

आज तो कामावर गेल्यावर मी हे लिहायला घेतलं. खालून कार्टन आलेत, बारके, दाराशी लावून ठेवलेत. हे पत्र भांड्यांच्या कार्टनमध्ये जाईल, त्यापुढे कुठे नाही. जे तुम्हाला सांगितलं ते त्याला संध्याकाळी सांगायचं आहे. सांगेन असं वाटतं. आणि "काही नाही" म्हटल्याबद्दलचं ते नमो मरिये मी आत्ता म्हटलं. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर बसूनच म्हटलं, बाबा, तुम्हाला चालणार नाही ठाऊक असून.